निंगव्वाचं वाक्य

चिमीला दात येत होते, त्यामुळे सिनेमा मी बहुतेक उभ्यानंच पाहायची. थिएटरातल्या लेडीजच्या मागच्या दाराशी, तिला खांद्यावर थोपटत. घराखाली दिवसभर माग चालतात. इथल्या अंधारात निदान कुणी हाक मारत नसे. सासूबाई आठवड्यातून एक दुपार सोडायच्या, तेवढीच.

त्या सोमवारी दाराशी आणखी एक बाई उभी होती. चाळिशीची, हिरवं इरकल नेसलेली. ती बसायला गेली तेव्हा बाकावरच्या बायका पिशव्या उचलून लांब सरकल्या, म्हणून उभी. दारावरची गोजाबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "तिकडच्या गल्लीतली हाय. लेकराला लांब धरा."

मी हलले नाही. त्यात चांगुलपणा नव्हता, पाय दुखत होते.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. एक भित्रा कारकून पत्ता चुकून कोठ्यात शिरतो. पान चघळणारी जाडी मालकीण त्याला आत ओढते, तो पलंगाखाली दडतो आणि पलंग पाठीवर घेऊनच पळत सुटतो. दारात बसलेली सडपातळ पोरगी वेणी झटकून काहीतरी म्हणते. थिएटर हसून लोळत होतं. मीही हसले. माझ्याकडं बघून चिमी हसली.

"ताई, काय म्हनली ती?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"कोण?"

"दारातली. माजी निंगव्वा हाय ती."

माझं हसू तोंडातच राहिलं.

तिचं नाव मल्लव्वा. हळू आवाजात सांगत राहिली. आपल्यासारखं दारात बसायला नको म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं पोरीला मुंबईला पाठवलं, एका नाच शिकवणाऱ्या बाईकडं. परवा पत्र आलं, सिनेमात बोलायचं काम मिळालंय, एक वाक्य आहे, नक्की ऐक.

"तिसऱ्यांदा आले की. दर बारीला तितंच हसत्यात. दोन वर्सं झाली तिचा आवाज ऐकून."

"गुरुवारी बाराच्या खेळाला या," मी म्हणाले. "शेवटचा दिवस. कुणी नसतं." मग उगाच म्हणून गेले, "मी पण येते."

सासूबाईंना दवाखान्याचं कारण सांगितलं.

गुरुवारी लेडीजमध्ये आम्ही दोघीच. गोजाबाई म्हणाली, "बसा आज ऐसपैस, कोन उटवतंय." चिमी माझ्या मांडीवर झोपली. प्रसंग आला. हसणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तो कारकून नुसताच दमलेला म्हातारा माणूस दिसत होता. पोरीनं वेणी झटकली.

"मावशी, पाहुणा पलंग घेऊन चालला बघा."

आवाज अगदी स्वच्छ आला. बारीक, नाकातला, पुण्याकडचा.

मल्लव्वा पुढं वाकली होती, ती तशीच राहिली.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं. पन ह्यो तिचा न्हाय."

"सिनेमात कधीकधी दुसऱ्या बाईचा आवाज घालतात." मासिकात वाचलेलं मी सांगितलं.

"मग तिचा कुटं जातो?"

मी चिमीला मांडीवर सावरून घेतलं.

"तिचा घोगरा हाय," मल्लव्वा म्हणाली. "ल्हान असताना मी दार लावून घ्यायचे, ती भाईर रडत बसायची. त्यानंच घोगरा झाला."

पडद्यावर कुणाचं तरी लग्न लागत होतं. आम्ही उठून बाहेरच्या उजेडात आलो. मल्लव्वानं कनवटीतून चौघडी केलेलं कोरं अंतर्देशीय काढलं. निंगव्वाला उत्तर लिहून घ्यायला म्हणून घेऊनच आली होती.

"लिवता का? ती वाट बगत असंल."

गोजाबाईची पेन्सिल घेतली. झोपलेल्या चिमीला कुणाकडं द्यायचं हे दोघींनी एकमेकींकडं बघून ठरवलं. मल्लव्वानं तिला छातीशी घेतलं, पदर सावरला.

"काय लिहू?"

"लिवा, ऐकलं. आवाज लगेच वळीकला."

मी लिहिलं. ती पेन्सिलीच्या टोकाकडं बघत होती.

"आनि लोक लई हसले, तेबी लिवा," ती म्हणाली. "तिला बरं वाटंल."