मी गिळलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि मी गुन्हेगार आहे. हसू नका. मोशीच्या कोंडीरामबाबांच्या शर्यतीच्या बैलाच्या गळ्यात होते, तेव्हा सारा गाव माझं कौतुक करायचा. बैल गेला, शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि मी खुंटीवर धूळ खात पडले.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. कळायचं सगळं, शब्द मात्र ओठांवर येईना. त्यांच्या मुलाने, रणजीतने, मला खाटेला बांधलं. कंपनीत निघताना म्हणाला, "बाबा, काही लागलं की वाजवा."

काय तोरा माझा! मी वाजले की बाबांची बायको, कस्तुराबाई, तव्यावरची भाकरी सोडून धावायच्या. पाणी, चहा, पंखा, सगळं न मागता हजर. आठ महिन्यांत बाबांनी ओठ हलवणंही सोडलं, आणि मला वाटे मी सेवा करतेय. मला मेलीला अक्कल नव्हती!

पुढे बोलण्याचे उपचार करणाऱ्या भाग्यश्री मॅडम येऊ लागल्या. तीन आठवडे, रोज तीन तास. पहिल्याच दिवशी मी वाजले, तांब्या आला. मॅडम म्हणाल्या, "आजी, ही घंटा आहे तोवर बाबांना बोलायची गरजच नाही."

"अवं, पण तहान लागलीया त्यास्नी!"

"लागू द्या. मागू द्या."

मला खाटेवरून सोडून कपाटावर ठेवलं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरून रोज बघायचे. बाबा घामाघूम व्हायचे, चिडायचे, रडायचे. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून उभ्या. बाराव्या दिवशी "पाणी" आलं, मग "चहा". मॅडमनी कस्तुराबाईंचा फोटो दाखवला, की बाबा मान फिरवायचे. मॅडमना वाटे, जमत नाही. अहो, बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती त्या घरात! जन्मभर "अगं ए"वर भागलं होतं.

शेवटच्या दिवशी मॅडम गेल्यावर वीज गेली, पंखा थांबला. बाबांचा हात सवयीने खाटेच्या दांडीकडे गेला. तिथे मी नव्हते.

"क... कस्... कस्तुरा!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. पण कुणी आलं नाही.

"कस्तुरा!"

त्या दाराआडच उभ्या होत्या, डोळे पुसत, पुन्हा एकदा ऐकायला.

मित्रांनो, हात जोडून विनवते. कुणी शब्दाशी झगडत असेल तर धावू नका, थांबा. आठ महिने मी कस्तुराबाईंना एकदाही थांबू दिलं नाही.