शंकासुराची वायर

नवजात बाळांना उबेत ठेवायची पेटी आमची कंपनी बनवते आणि तिचा कोड मी लिहिते. तापमान मोजणारी वायर निसटली, तर हीटर बंद आणि अलार्म सुरू! हा भाग मी इतका चोख लिहिला होता की माझी मीच पाठ थोपटून घेतली होती.

आमचे टेस्टर काका मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीला ती वायर हाताने उपटून बघायचे. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना शंकासुर म्हणायचो. तीन वर्षांत अलार्म वाजला नाही असं एकदाही झालं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, "यांची गरज आहे का?" मी लेखी कळवलं, "नाही."

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात पेटीचा कोड वेगवान करायचं फर्मान निघालं. कंपायलर, म्हणजे माझा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्याला मी वेगासाठी जादा वाटेल ते गाळायची काटकसर करायला सांगितली. चाचणी नेहमीसारखी काटकसर न केलेल्या, संथ आवृत्तीवर उरकली. हॉस्पिटलात जाणार होती वेगवान. शेवटच्या दिवशी काकांनी नेमकी तिचीच वायर उपटली.

अलार्म गप्प. हीटर आपला तापतोच आहे.

"काका, तुमचंच काहीतरी चुकलंय," मी ठसक्यात म्हटलं. "कोडात आहे की सगळं!"

"कोडात असेल हो ताई. पेटीत आहे का?"

मशीनची भाषा उघडून ओळ न् ओळ पाहिली. माझा अलार्म गायब! तापमान वाचताना चूक होऊच शकत नाही, असा कंपायलरने परस्पर समज करून घेतला होता आणि चूक सावरणारा भाग बिनकामाचा म्हणून छाटून टाकला होता. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मला माझं ते पत्र आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच साहेबांकडे गेले. "काकांना ठेवून घ्या. माझं चुकलं."

"अलार्म दुरुस्त झाला ना?"

"झाला, पण..."

"मग झालं तर! त्यांची जागाच रद्द झालीये, ठेवू कुठे?"

काकांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं, डबा पिशवीत घातला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. "बाळ ज्या पेटीत झोपणार, तिचीच वायर ओढत जा," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी ओढते. प्रत्येक वेळी अलार्म वाजतो. परवा साहेब माझ्या टेबलापाशी थांबले, कौतुकाने ऐकत राहिले आणि म्हणाले, "दर वेळी वाजतोच ना? मग वेळ कशाला घालवता?"