बशीतला दादा

“यातल्या निम्म्या पेशी आजच गोठवून ठेव, बाकीच्या मेल्या तर कामी येतील,” प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञ बाईंनी बजावलं होतं. तिथेच संशोधन करणाऱ्या तिने ते हसण्यावारी नेलं. दादाला थंडी कधीच सोसली नव्हती; गेल्यावर तरी त्याला बर्फात कुठे घालायचं?

तिचा भाऊ जाऊन सहा महिने झाले होते. आजारपणात त्याच्या आतड्याचा कणभर तुकडा तपासणीला आला होता, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेतल्या तिच्या बशीत अजून वाढत होत्या. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, कारण त्याच्या मुळाशी असलेल्या पेशींना शेजारच्या पेशी ‘वाढत राहा’ असा निरोप देत राहतात. बशीत शेजार नसतो. म्हणून तो निरोप देणारं प्रथिन दर दोन दिवसांनी तीच घालायची.

एकटी राहणारी आई रोज फोनवर विचारायची, “जेवला का गं दादा?”

“जेवला. तेही नखरे न करता!”

“मग तो आमचा नव्हेच,” म्हणून आई हसायची.

मग तिच्या तान्ह्या लेकीला ताप चढला. उशाशी बसून चार दिवस गेले आणि बशीचं कुणाला सांगायचं राहूनच गेलं. परतली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशींचा नुसता काळा चुरा होता.

आईला तिने खरं सांगितलं. आई इतकंच म्हणाली, “पोरीचा ताप उतरला ना?” त्यानंतर आईचा फोन नाही, आणि हिचा हात फोनकडे जात नाही. तुमच्या शेजारीही अशी एखादी एकटी आई असेल. आज तिचं दार वाजवून बघाल?