कोर्ट उठेपर्यंत

"जीपला वाट द्या!" रास्ता रोकोसाठी डांबरावर बसलेली ठमाबाई उठत ओरडली.

"काकू, एक सोडली की समद्याच घुसतील," शेजारी बसलेला गावातला कारभारी म्हणाला.

"आत बाळंतीण हाय. तिला अडवायचा आपल्याला हक्क नाय."

तिने स्वतः बायकांना बाजूला सारलं. जीप निफाडकडे गेली. बंदोबस्तावरच्या फौजदाराला बरं वाटलं. "आजी, रस्ता मोकळा झालाच आहे, आता बाकीच्यांनाही जाऊ द्या."

ठमाबाई पुन्हा मधोमध बसली. "बांधकाम खात्याचे साहेब येऊन गतिरोधकाचं लिवून देतील, तवाच उठू. याच फाट्यावर ट्रकनं माझा मालक गेला. झेंडूच्या पाट्या उतरवत होता."

त्याच्यानंतर आणखी दोघं गेली होती. अर्ज देऊन गाव थकलं, पण गतिरोधक काही झाला नव्हता.

एसटीतून उतरलेला एक गृहस्थ तणतणत आला. "आमचा काय गुन्हा?"

"काय बी नाय, दादा. रस्ता तुमचा बी हाय. आज थोडा वेळ आमी मागून घेतला." तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तो प्यायला नाही. पण एसटीकडे परत वळला.

दुपारी साहेब आले, कागद झाला, गाव उठलं. महिन्याभरात गतिरोधक झाला. रस्ता अडवल्याचा खटला मात्र दोन वर्षांनी उभा राहिला.

वकिलाने सगळ्यांना पढवलं होतं, "तिथे नव्हतो म्हणा. कोण कोण बसलं होतं, याचा पुरावा काही नाही." कारभारीसकट सगळे तसंच म्हणाले. ठमाबाईची पाळी आली.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय. लोकांचा खोळंबा केला, ते खरं हाय. नाय कसं म्हणू? पर का केला, ते बी लिवा. अन् त्या दिसापासून फाट्यावर कुनी मेलं नाय, ते बी लिवा."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग लिहून घेतलं आणि शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे दिवसाचं काम संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. बाकीचे पुराव्याअभावी सुटले.

ठमाबाई मागच्या बाकावर ताठ बसली. जेवणाच्या सुट्टीत शिपाई हळूच म्हणाला, "आजी, बाहेर झाडाखाली बसा, कुणी काही म्हणणार नाही."

"नगं. साहेबांनी इथं सांगितलंय."

संध्याकाळी न्यायाधीश उठले, तसे सगळे उभे राहिले. तीही राहिली, पदर सारखा करून.

कोर्टाच्या फाटकापाशी कारभारी थांबला होता. सकाळीच निर्दोष सुटूनही तो घरी गेला नव्हता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या एक पाऊल मागून चालू लागला.