तांब्याची खीळ

सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. मालवणच्या किनाऱ्यावर, उपड्या होडीच्या पाठीवर लवू तांडेलाने मडकं आणून ठेवलं, आणि दुर्गा पुढे सरकली.

मडक्यात खारवलेले बांगडे, आणि त्या खाऱ्यात पंधरा दिवस बुडालेले घडीचे तीन चाकू. नव्या होडीच्या खलाशांसाठी लवूला सात हवे होते. पाय जाळ्यात गुंतला की चाकू एका हाताने, एका नखाने उघडायला हवा. नाहीतर माणूस जाळ्याबरोबर तळाला. म्हणून होडीचे म्होरके, तांडेल, चाकू असे पारखत.

बाप, दत्ताराम लोहार, गेल्यापासून त्याची भट्टी दुर्गाच पेटवत होती. पण बाजार म्हणे, पोरगी बापाचेच उरलेले चाकू विकते. आज तिचं नाव लोहार म्हणून लागणार होतं, नाहीतर कधीच नाही.

लवूने पहिला काढला. मुंबईचा, दहा रुपयांचा. पातं लखलखीत, पण ते जिच्यावर फिरतं ती आतली लोखंडी खीळ गंजून बसलेली. नख मोडायची वेळ आली, चाकू हलेना.

"दाढी करूक आरसो बरो!" धोंडू खलाशी म्हणाला.

दुसरा सावंतवाडीच्या बाजारातला, बारा रुपयांचा. मुठीवरचा लाखेचा रंग अजून ताजा.

"धार बरी आसा ह्येची," दुर्गाच बोलली. खोटं तिच्या हाताला माहीत नव्हतं, जिभेला तरी कुठून असणार?

पण मूठ फुगून पात्याला आवळून बसली होती. दोन हात लागले.

"एक हात जाळ्यात आसलो तर?" लवूने विचारलं, आणि चाकू बाजूला ठेवला.

तिसरा दुर्गाचा. अठरा रुपयांचा. काळा, गंजाने माखलेला.

"ह्यो काय गो, चुलीतसून काडलंस?" धोंडू खदखदला.

लवूने नख लावलं. झोपेतून डोळा उघडावा तसं पातं उघडलं. शेजारी पडलेलं ओलं सुंभ त्याच्या एका ओढीत तुटलं. धोंडूचं हसू तिथंच राहिलं.

लवूने कमरेचा आपला चाकू काढून उघडला. दत्तारामच्या हातचा, धार लावून लावून बीजेच्या चंद्राएवढा उरलेला.

"ह्येका रोज सकाळी राकेल घालूचा लागता. तुज्याक नाय. म्हंजे तुजो ह्यो बापाशीन केललो नाय. खीळ कसली घातलंस?"

"तांब्याची. होडये बांदतत थंय पडलेले खिळे इचून हाडतंय. मिठात लोखंड लोखंडाक धरता. तांबा धरणा नाय."

"बापाशीक सुचला नाय ता तुका सुचला गो!"

दुर्गाची मान ताठ झाली, डोळे मात्र भरले.

"साती दी. अठरान," लवू म्हणाला.

"तांडेलानु, भाव तरी करा!" धोंडू कळवळला.

"तुजो पाय जाळ्यात गुंतलो काय मगे भाव करूया."

दुर्गाने हात पुढे केला. "तुमचो जुनोय द्या, लवूकाका. बाबांच्या पात्याक माजी खीळ घालून देतंय."

लवूने तो मिटला, आणि तिच्या तळहातावर ठेवला.