मागच्या चाकांवरचं वजन

चढाच्या पायथ्याशी पिकअपच्या हौद्यात सहा पातेली होती, भाकरीच्या दोन टोपल्या, पाण्याचे आठ जार आणि चार बायका. सामान मिळून तीनशे तीस किलो. बायका दोनशे सत्तेचाळीस. ही नोंद माझ्याच वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

मोशीला आमच्या आईचं जेवण पुरवायचं काम आहे. चाकणच्या पुढे एका टेकाडावर नव्या कंपनीची शेड उभी राहतेय. तिथल्या एकशे चाळीस कामगारांना साडेबाराला जेवण पोचवायचं. शेवटचे एकतीस मीटर कच्चा चढ. पाऊस पडून गेला की मुरूम निसटतो, मागची चाकं जागच्या जागी फिरतात. गाडी माझा भाऊ विक्की चालवतो. त्याचा उपाय इकडच्या सगळ्या पिकअपवाल्यांचा: वाढायला येणाऱ्या बायकांना चढापुरतं मागे फाळक्यापाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेपाशी, सरकवायचं.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. मला हा उपाय अंदाजपंचे वाटला. चाकावर भार किती येतो त्यावर पकड ठरते, म्हणजे भार मोजायला हवा. मंगळवारी मी चौघींना धान्याच्या काट्यावर एकेक करून उभं केलं आणि आकडे मोठ्याने वाचत लिहिले. चौपन्न, एकसष्ट, एकोणपन्नास. शेवटी अंबूबाई. मी तिसरीत होते तेव्हापासून त्या आमच्याकडे भाकरी थापतात. त्या काट्यावर चढायला तयार नव्हत्या. मीच हात धरून चढवलं. त्र्याऐंशी.

विक्की म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्या म्हणजे दोन पोती."

सगळे हसले. मीही हसले.

मग चित्र काढून ठरवलं, सर्वांत जास्त वजन सर्वांत मागे. बुधवारी गाडी चढली. गुरुवारी अर्ध्यावर चाकं फिरायला लागली. मी बाजूला उभी राहून बघत होते. घाईत ओरडले, "त्र्याऐंशी, अजून मागे सरका!"

नाव आठवलं नाही असं नाही. डोक्यात तेव्हा आकडाच होता.

गाडी चढली. वर उभ्या असलेल्या कामगारांनी ते ऐकलं होतं. रांगेतल्या एकाने ताट पुढे करून म्हटलं, "त्र्याऐंशी, जरा रस्सा वाढा." अंबूमावशींनी वाढला. मागच्यानेही तेच म्हटलं, त्यालाही वाढला. मी चार पावलांवर पाण्याचे ग्लास भरत होते. एक वाक्य बोलता आलं असतं. मी ग्लास भरत राहिले.

शुक्रवारी पायथ्याशी अंबूमावशी खाली उतरल्या आणि चालत निघाल्या. विक्कीने दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. गाडी रुतली. जेवण पंचवीस मिनिटं उशिरा पोचलं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या परातीशेजारी जाऊन बसले. सांगितलं की आता कुणालाच मागे बसायला नको. वाळूची चाळीस किलोची सहा पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर बांधायची. चढाआधी मागच्या टायरची हवा पंचेचाळीसवरून अठ्ठावीसवर आणायची, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो. खाली आल्यावर पंपाने पुन्हा भरायची. हेही सांगितलं की फाळक्यापाशी वजन ठेवणं मुळातच चुकलं होतं, त्याने पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग धरत नाही. त्यांना तिथे बसवायची गरजच नव्हती.

भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "ही वाळू तुला आत्ता सुचली व्हय?"

वाळू वहीच्या पहिल्याच ओळीत होती. तिच्यावर मीच रेघ मारली होती आणि पुढे लिहिलं होतं: नको, बायका असतातच.

"नाही," मी म्हणाले. "आधीच माहीत होतं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मी माफी मागितली.

"हितं कशाला मागतीस?" त्या म्हणाल्या. "हितं कोण हसलं न्हाई मला."

हे खरं नव्हतं. इथेच, काट्यापाशी, आम्ही सगळे हसलो होतो. ते त्यांनी सोडून दिलं.

त्या दुपारी मी जेवणाच्या रांगेसमोर उभी राहिले. म्हटलं, यांचं नाव अंबूबाई, तो आकडा मी ओरडले होते, चूक माझी. मागचे दोघे हसले. बाकीचे ताटं घेऊन थांबले होते, त्यांना भूक लागली होती. अंबूमावशींनी पळीने पातेल्यातला रस्सा ढवळला आणि पुढच्याला वाढला.

सोमवारी सहा पोती बांधली, हवा अठ्ठावीसवर आणली. तिघी केबिनला टेकून बसल्या होत्या. विक्कीशेजारची सीट मी फडक्याने पुसून अंबूमावशींसाठी रिकामी ठेवली होती. पायथ्यापर्यंत त्या तिथे बसून आल्या. पायथ्याशी त्यांनी दार उघडलं, उतरल्या आणि पदर खोचला. मी घड्याळ लावलं.

चढ एकतीस मीटर. गाडी: अकरा सेकंद, चाक एकदाही जागेवर फिरलं नाही. अंबूबाई, पायी: दोन मिनिटं चाळीस सेकंद.