इस्त्रीचा डगला

धाकटी जाऊ जिना चढून आली ती कपाळाला आठी घालूनच. चप्पल काढायच्या आधी तिनं थोरलीच्या सुनेला गाठलं.

"विचारलं का तुझ्या सासूनं मला?"

"काकू, आई आता कुणालाच विचारत नाहीत."

"बाकी कुणाला नसतील विचारत. मी काय कुणीपण आहे?"

कुणीपण नव्हतीच ती. दवाखान्याच्या धुलाईखात्यात या दोघी जावांनी उभी हयात काढली. थोरली मुकादमीण, धाकटी तिच्या हाताखाली आणि पुढं तिच्या तोडीस तोड. मोठ्या चादरीची घडी एकटीनं धड होत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणून झटकायची, मग एकीनं जागेवर थांबायचं आणि दुसरीनं आपली टोकं घेऊन तिच्यापर्यंत चालत जायचं. जुनी उभी राहणार, नवी चालणार, अशी खात्याची रीत. पण नवीचा पहिला दिवस असला की उलटं. त्या दिवशी जुनी चालायची. ओल्या फरशीवर दिवसभर येरझाऱ्या घालून पोटऱ्यांचे गोळे होतात, ते पहिल्याच दिवशी कुणाच्या वाट्याला नकोत म्हणून थोरलीनंच ते ठरवलं होतं.

अशी ही थोरली जाऊ, आणि मागच्या खेपेला ती धाकटीला म्हणाली, "नवीन लागलीस का गं?"

धाकटीनं तोंडाचा पट्टा सोडला. "मी नवीन? अहो, तुमच्या दिराची बायको मी! डोळे फुटले का तुमचे?"

थोरली भेदरली. चादर उराशी धरून भिंतीकडे तोंड करून जी पडली, ती जेवायलाही उठली नाही. धाकटी तणतणत घरी गेली खरी, पण घास तिच्याही घशाखाली उतरला नाही. आज ती एवढ्याचसाठी आली होती. जाऊबाईंनी एकदा ओळखावं. जास्त नको, नुसतं "धाकटे" म्हटलं तरी पुरे. म्हणून तर पेटीच्या तळातला खात्याचा निळा डगला काढून, धुऊन, कडक इस्त्री करून ती घालून आली होती. डगला बघून तरी ओळख पटेल!

"आज त्यांना उठवू नका हं," सून हळूच म्हणाली. "काल मोरीच्या दारात पाय घसरला. थोडक्यात वाचल्या."

थोरली पलंगाच्या कडेला बसली होती. पाय सुजलेले, मांडीवर चुरगळलेली चादर. धाकटी समोर जाऊन उभी राहिली, पाठ ताठ, हनुवटी वर. थोरलीची नजर डगल्यावरून वरखाली फिरली.

"इस्त्री केलेला डगला," थोरली म्हणाली. "पहिला दिवस दिसतोय."

धाकटीला एकदम आठवलं. खरंच की! खात्यात इस्त्रीचा डगला घालून फक्त नवीच यायची. दुसऱ्या दिवसापासून कुणाला सवड होती? हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. उत्तर जिभेवर तयार होतं. पण थोरली चादर उराशी ओढू लागली होती, मागच्या वेळी भिंतीकडे वळण्याआधी ओढली होती तशीच. धाकटीनं उत्तर गिळलं. तिला गिळायची सवय नव्हती.

"होय बाई," ती म्हणाली. "पहिलाच दिवस."

"घाबरलीस?"

"थोडी."

"घाबरू नकोस, मी आहे. फक्त माझ्या धाकट्या जावेच्या तोंडी लागू नकोस. फार फटकळ आहे."

"इतकी वाईट आहे?"

"वाईट कशानं?" थोरली फणकारली. "तिच्यासारखा हात नाही कुणाचा खात्यात. मी बोलीन तिला, तू बोलायचं काम नाही!"

दारात सूनबाई हसू दाबत होती. धाकटीनं तिच्याकडे डोळे वटारले, पण ते भरून आले होते.

थोरली उठली. सून धावली, धाकटीनं तिला हातानंच थांबवलं. दोघींनी टोकं धरून चादर झटकली. सवयीनं धाकटीचं पाऊल पुढं पडलं.

"ए, उभी राहा! आज मी चालायचं."

आणि ती निघाली. खोली ती केवढीशी, पण थोरलीला पल्ला लांबचा होता. धाकटीनं चादर ढिली पडू दिली नाही. थोरली एक पाऊल टाकी तेवढीच चादर ती आपल्याकडे गोळा करी, जिन्याच्या कठड्यासारखी ताणून धरी. शेवटी थोरली पोचली. टोकं धाकटीच्या हातात देऊन तिनं वरून आपली बोटं मिटली.

"घट्ट धर. पहिल्यांदा सगळ्यांच्याच हातून सुटतं."

धाकटी नवी नवरी होती, तेव्हा तिच्या खात्यातल्या पहिल्या दिवशीही हीच बाई समोरून चालत आली होती. हेच बोलली होती.

"रडतेस काय अशी? उद्या ये. उद्यापासून तू चालायचंस."

"येते."

जिन्यापर्यंत पोचवायला आलेली सून चाचरत म्हणाली, "काकू, उद्या त्यांना यातलं काही आठवायचं नाही हो."

धाकटी चप्पल घालत होती. डगल्याला पडलेली चुणी तिनं हातानं सारखी केली.

"मग काय," ती म्हणाली, "पुन्हा इस्त्री करावी लागेल."